विषय: भाचीला लंडनला पर्यावरणाचं राजकारण शिकायचंय, पाठवावं का?

प्रेषक: अंबाजोगाईचे मामा

आपल्या मंडळाच्या यादीवरच्या सर्वांना नमस्कार. गणपतीच्या हॉलचे पैसे परवाच भरलेत, कोषाध्यक्षांनी पाहून घ्यावं.

आता घरचं काम. धाकट्या बहिणीची मुलगी, गाव कळंब तालुक्यात. परभणीच्या कृषी विद्यापीठातून बीएस्सी अ‍ॅग्री झाली, नंतर अडीच वर्षं पाणलोटाच्या कामावर गावोगाव हिंडली. आता तिला युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनच्या भूगोल विभागातली 'एन्व्हायर्नमेंट, पॉलिटिक्स अँड सोसायटी' ही एमएस्सी करायची आहे. दाजी म्हणतात, पर्यावरण ठीक, समाज ठीक, ते मधलं राजकारण कशाला? गावात काय कमी आहे का? मला उत्तर देता आलं नाही. लेकरू हुशार आहे, पण पैसा बक्कळ लागणार आणि घरात तेवढा नाही. यातलं कुणाला कळतं का?

प्रेषक: नांदेडचा भाऊ

मामा, राग मानू नका. व्हिसाचे दिवस बरे नाहीत. एवढं कर्ज काढायचंच असेल तर डेटा सायन्स करू द्या. राजकारण फुकटात शिकायचं तर तिला आपल्या मंडळाच्या कार्यकारिणीवर घ्या.

प्रेषक: लातूरची ताई

भाऊ, कार्यकारिणीचं खरं आहे, बाकीचं नाही. मी दुसऱ्या विद्यापीठातून याच विषयात एमएस्सी केली आहे, म्हणून जरा लांबण लावते.

2016 चा उन्हाळा. आमच्या गल्लीत प्रत्येक घागरीवर ऑइलपेंटनं घर नंबर घातलेला, कारण टँकर आला की घागरींची अदलाबदल व्हायची आणि मग भांडणं. मार्चमध्ये पाण्याच्या टाक्यांभोवती कलम 144, म्हणजे जमावबंदी लागली. 12 एप्रिलला मिरजेहून पाण्याची रेल्वे आली, 10 वाघिणी, 5 लाख लिटर. सगळ्या देशाचे कॅमेरे स्टेशनात. मलाही तेव्हा वाटायचं, पाऊस नाही म्हणून पाणी नाही, विषय संपला.

लंडनला आल्यावर पहिल्या निबंधात हे सगळं लिहिलं, चांगलं रडवेलं करून. बाईंनी समासात पेन्सिलीनं एवढंच लिहिलं होतं: रांगेत कोण नव्हतं? दोन दिवस नुसता राग आला. मग आठवत बसले. रांगेत आई होती, शेजारच्या काकू होत्या, खोली करून राहणारी शिकवणीची पोरं होती. ज्यांच्या अंगणातल्या बोअरला पाणी होतं ते नव्हते. टँकरवाले तर नव्हतेच, ते विकत होते. लातूरला पाणी येतं ते धनेगावच्या मांजरा धरणातून, आणि त्या पट्ट्यात शिवारंच्या शिवारं ऊस. आमची घागर रिकामी होती त्याच हंगामात मराठवाड्यातल्या साखर कारखान्यांची धुराडी पेटलेली होती. दाजींना सांगा, मधलं राजकारण ते हे. निवडणुकीचं नाही. पाणी कुठल्या पाटानं कुणाकडे जायचं हे कोण ठरवतं, त्याचं.

माझा प्रबंध शेततळ्यांवर होता. 2016 लाच 'मागेल त्याला शेततळे' आलं. कल्पना अशी की पावसाचं वाहून जाणारं पाणी अडवायचं. मी जालन्याकडे जी तळी पाहिली त्यातल्या बहुतेकांत प्लास्टिक अंथरलेलं आणि काठावरून बोअरचा पाइप आत सोडलेला. म्हणजे जमिनीतलं पाणी उपसून उन्हात उघडं ठेवायचं. ज्याची मोटर खोल त्याचं तळं भरलं, बांधापलीकडच्याची विहीर बसली. त्या शेतकऱ्यानं मला चहा पाजला आणि सरळ सांगितलं, मी नाही उपसलं तर शेजारी उपसंल. माणूस अजिबात वाईट नव्हता. कारभार असाच चालतो हे मला त्या बांधावर कळलं. सामाईक साधनं गावं स्वतःचे नियम करून शतकानुशतकं कशी सांभाळतात, यावर एलिनॉर ऑस्ट्रॉम बाईंना 2009 चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यांचं वाचताना मला सारखं ते तळंच दिसायचं.

बाकी थोडक्यात. कोर्स एक वर्षाचा, वाचन जीव काढतं. अ‍ॅग्रीच्या पोरीला आकडे जमतील, पण एकच मुद्दा चार पानं लावून धरायची सवय करावी लागेल. नोकरी मला आठ महिन्यांनी लागली, इथल्या एका कौन्सिलच्या, म्हणजे नगरपालिकेच्या, पूर विभागात, आणि पगार भाऊंच्या डेटा सायन्सवाल्यांच्या निम्मासुद्धा नसेल.

प्रेषक: परभणीचे काका

चि. ताई, छान लिहिलंस, पण 2014 आणि 2015 असे लागोपाठ दोन पावसाळे बुडाले होते, हे तू एका ओळीतही लिहिलं नाहीस. सगळा दोष उसाच्या माथी मारून चालत नाही. मी पाटबंधारे खात्यात 31 वर्षं काढली आहेत.

आणि राजकारणच पाहायचं तर जायकवाडीचं पाहा. पैठणच्या त्या धरणाचा उपयुक्त साठा साधारण 76 टीएमसी, म्हणजे 76 अब्ज घनफूट. 1965 साली शास्त्रीजींनी पायाभरणी केली, 1976 साली इंदिराबाईंनी उद्घाटन केलं, आणि वरच्या अंगाला नगर-नाशिकमध्ये धरणं भरत राहिली. 2005 च्या कायद्यानं जलसंपत्ती नियमन प्राधिकरण आलं, समन्यायी वाटपाचं कलम आलं. पाणी कसं सोडायचं हे ठरवायला नेमलेल्या मेंढेगिरी समितीनं कोष्टक करून दिलं: 15 ऑक्टोबरला जायकवाडी 65 टक्क्यांच्या खाली असेल तर वरच्यांनी पाणी सोडायचं. कागदावर किती साधं! प्रत्यक्षात प्रत्येक तुटीच्या वर्षी कोर्ट, आंदोलन, पोलीस बंदोबस्त. आणि सोडलेल्या पाण्यातलं किती पैठणला पोचतं, किती वाळूत मुरतं आणि किती वाटेतल्या मोटरी ओढतात, हे नदीकाठी रात्र काढलेल्या माणसाला विचारावं. आम्ही त्याला 'वहनव्यय' म्हणायचो. अर्धं राजकारण त्या एका शब्दात लपायचं.

पोरीनं जरूर शिकावं. पण लंडनच कशाला? टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसचा तुळजापूरचा कॅम्पस तिच्याच जिल्ह्यात आहे.

प्रेषक: भाची, कळंबहून

सर्वांना सविनय जयभीम. मामांनी मला या यादीत घेतलं, आभार. काका, तुळजापूरला मी अर्ज केलाच आहे, दोन्ही हातचे ठेवलेत.

पण माझा विषय पाणी नाही, गायरान आहे, म्हणजे गावच्या चराईची सरकारी जमीन. आजीनं आणि वाड्यातल्या आणखी काही घरांनी 1980 च्या सुमारास गायरानातली दगडधोंड्याची जमीन वेचून कसायला घेतली. आमच्याकडे तूर आणि ज्वारी होते. सातबाऱ्यावर आजही सरकारच आहे. 1991 च्या शासन निर्णयात 14 एप्रिल 1990 पर्यंतची दलित-आदिवासींची अतिक्रमणं नियमित करायचं म्हटलंय, पण त्यासाठी कब्जा सिद्ध करावा लागतो. आजीच्या ट्रंकेत साडीत गुंडाळलेल्या दंडाच्या पावत्या आहेत. अतिक्रमण केलं म्हणून सरकारनं दंड केला, तो तिनं मजुरीच्या पैशातून भरला, आणि आता आमच्याकडे पुरावा काय तो तेवढाच. ती पावत्यांना 'माझा सातबारा' म्हणते.

2022 च्या शेवटी हायकोर्टात गायरानांचा विषय निघाला तेव्हा गावोगाव नोटिसांची धास्ती होती. आता सौर कृषी वाहिनीसाठी, म्हणजे शेतीपंपांना वीज देणाऱ्या सौर प्रकल्पांसाठी, गायरानं दिली जातायत. मी पाणलोटात काम केलेलं आहे, सौर वीज मलाही पाहिजे. पण ग्रामसभेत साहेब म्हणाले, ही जमीन पडीक आहे. आमची तूर तेव्हा कमरेएवढी होती. आजी मागं बसली होती, ती उठून उभी राहिली आणि काहीच न बोलता परत बसली. मला शिकायचंय ते हे, की पडीक हा शब्द कुणी लिहायचा.

पप्पांना मी अजून नीट सांगू शकले नाही. आणि खरी अडचण पैशाची. केंद्राच्या नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिपचे नियम वाचले, पोटात गोळा आला.

प्रेषक: लातूरची ताई

जयभीम गं. काका, दोन पावसाळ्यांचं मान्य, चुकलंच माझं.

गोळा येण्यासारखंच आहे ते. इतर सर्वांसाठी सांगते: 2022 च्या नियमांनी त्या शिष्यवृत्तीतून भारतीय संस्कृती, इतिहास आणि भारतावरचे सामाजिक अभ्यासविषय वगळले. म्हणजे भूमिहीनांच्या मुलांसाठीच्या पैशातून भूमिहीनांचा अभ्यास करता येत नाही. यावर मी मंडळात आधीही भांडले आहे, आज नको.

तुझ्यासाठी राज्याच्या सामाजिक न्याय विभागाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती बघ. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठीच आहे, विद्यापीठ जागतिक क्यूएस क्रमवारीत पहिल्या 200 मध्ये असावं लागतं, तुझं त्यात वरच आहे. उत्पन्नाची अट यंदाच्या जाहिरातीत नीट वाच आणि तहसीलचा दाखला आजच टाक, तिथं किती दिवस लागतात ते तुला माहीतच आहे. ब्रिटिश सरकारच्या शेवनिंग शिष्यवृत्तीला दोन वर्षांचा, म्हणजे 2800 तासांचा कामाचा अनुभव मागतात. तुझी अडीच वर्षं त्यात बसतात, फक्त संस्थेकडून तासांचं पत्र घे. ती घेतलीस तर शिकून झाल्यावर दोन वर्षं मायदेशी राहावं लागतं. तुला तसंही कळंबलाच जायचंय.

अर्जातला निबंध माझ्याकडे पाठव. 'लहानपणापासून निसर्गाची आवड' असलं वाक्य दिसलं तर परत पाठवीन. ट्रंकेपासून सुरू कर.

आणि एक काम आधी. तलाठ्याकडून गाव नमुना 1-ई, अतिक्रमणाची नोंदवही, तिचा सही-शिक्क्याचा उतारा काढ. पावत्यांचे दोन्ही बाजूंनी फोटो घे, मागं पेनानं काही लिहिलेलं असेल तर तेही. शाई उडत चालली असेल, लॅमिनेशन मात्र करू नकोस. मूळ पावत्या आजीच्या साडीतच राहू देत.

मामा, दाजींचा नंबर मला पाठवा. रविवारी मीच बोलते त्यांच्याशी.