मदत हवी आहे : आईचं 'नको' डॉक्टरांपर्यंत कसं पोचवू?

आम्ही गुहागरचे. आई ८१ वर्षांची, दोन्ही मूत्रपिंडं निकामी होत आलीत. डॉक्टर आठवड्यातून तीनदा डायलिसिस सांगतात. म्हणजे दर खेपेला चिपळूण, चार तास मशीनवर. काल पडवीत सुपारी सोलता सोलता ती म्हणाली, "मला नको रे ते. इथंच राहू दे." तिचं डोकं लख्ख आहे, तरी दवाखान्यात सगळे माझ्याशीच बोलतात. मुंबईचा भाऊ तर ऐकतच नाही.

उद्या तिची शुद्ध हरपली तर? सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये मान्य केलेलं वैद्यकीय इच्छापत्र (पुढे बोलता आलं नाही तर कोणते उपचार नकोत, ते आधीच लिहून ठेवलेला कागद), २०२३ पासून दोन साक्षीदारांसह नोटरीकडे होतं. इथे कुणी केलंय का? आणि डायलिसिसविना त्रास कमी ठेवणारे, घरी येणारे डॉक्टर रत्नागिरी जिल्ह्यात कुणाला माहीत आहेत? कृपया लवकर कळवा.