मदत हवी आहे: फिनलंड-स्वीडनचं कोडं कोणत्या सिद्धांतात बसवू?

एमएच्या सेमिनारसाठी या दोघांचा नाटोप्रवेश घेतलाय आणि अडकलेय. रशियाशी १३०० किमीहून लांब सीमा असूनही फिनलंड शीतयुद्धभर नाटोबाहेर राहिला. २०२३ मध्ये आत गेला, २०२४ मध्ये स्वीडनही. सत्तासमतोल (बलाढ्य देशाविरुद्ध बाकीचे एकत्र येतात) म्हणावं, तर सोव्हिएत संघ आजच्या रशियाहून कितीतरी बलाढ्य होता. मग तेव्हा का नाही? स्टीफन वॉल्ट (सत्तासमतोलवाले केनेथ वॉल्ट्झ नव्हे, या दोन नावांनी जीव खाल्लाय!) यांचा धोक्याचा समतोल जास्त पटतो: नुसती ताकद नाही, हेतूही मोजा. पण स्वीडनची सुमारे २०० वर्षांची अलिप्तता म्हणजे त्यांची ओळखच होती ना? ती काही महिन्यांत गळून पडली, हे रचनावादी (देशांचं वागणं त्यांच्या ओळखीवरून आणि कल्पनांवरून समजावणारे अभ्यासक) कसं समजावतात? आणि 'सिक्युरिटी डायलेमा'ला (एकाने स्वतःच्या सुरक्षेसाठी बळ वाढवलं की दुसऱ्याला असुरक्षित वाटतं, ही कोंडी) बरा मराठी शब्द सुचवा. 'सुरक्षा-पेच' सरांना आवडला नाही.