"मारून सोडतो" म्हणजे प्रोव्हिजनल काय?

निलगिरीकाठी
"रविवारच्या मेडलमध्ये एका नियमांच्या तलाठ्यानं सरळ माणसाचं कार्ड बाद करवलं. हौशी खेळात एवढा कायदा कशाला?" ही पोस्ट बेळगावच्या गोल्फवाल्यांत कालपासून फिरतेय. मेडल म्हणजे सगळे फटके मोजायची स्पर्धा. तो तलाठी मी. आता सगळं ऐका.

चौथ्या होलवर गड्याचा ड्राइव्ह, म्हणजे पहिला लांब फटका, उजवीकडं निलगिरीत गेला. पावसानं गवत गुडघाभर. बॅगेतून दुसरा बॉल काढत म्हणाला, "आणखी एक मारून सोडतो." मारला, फेअरवेच्या, म्हणजे कापलेल्या गवताच्या, मधोमध. मग झाडीत दोन मिनिटांत कॅडी ओरडला, "गावला!" यानं पहिलाच खेळला, ग्रीनवर, होलभोवतीच्या हिरवळीवर आणला, दोन हळू फटक्यांत (पट) होलमध्ये, कार्डावर चार. मी तिथंच सांगितलं: प्रोव्हिजनल, म्हणजे पहिला सापडला नाही तर राखीव बॉल, असं म्हटलं नाहीस, त्यामुळं दुसरा मारलास त्या क्षणी पहिला मेला. दुसराच इन प्ले, म्हणजे खेळात, तोही तिसरा फटका धरून. पहिला खेळलास म्हणजे राँग बॉल, दोन फटक्यांचा दंड. पुढच्या होलच्या टीवर, म्हणजे सुरुवातीच्या जागेवर, मारायच्या आत मागं जा आणि दुसऱ्यानं होल पुरा कर. साहेब हसले आणि टीवर जाऊन मारले. कार्ड तिथं संपलं. बाद कमिटीनं केलं, मी नव्हे. नियम १८.३ काय माझ्या आजोबांनी लिहिला?

शहापूरचा कुंदा
ग्रीनवर सांगितलास. झाडीतून मारायच्या आधी तोंडात तंबाखू होती काय?

आम्ही चौघं दहा वर्षं खेळतोय. दोन फुटांच्या पटला "घे" म्हणतो, हरला त्यानं कुंदा, आपली बेळगावी मिठाई, आणायचा. एकदाही भांडण नाही. तुमच्यासारखा एक आला की चार जण गोल्फ सोडून कॅरम खेळतात.

निलगिरीकाठी
मी डाव्या बाजूला माझा बॉल शोधत होतो, "गावला" तेवढं ऐकू आलं. आणि "घे" मॅचप्लेमध्ये, जिथं एकेक होल जिंकायचा असतो तिथं म्हणा, कुंदा मलाही पाठवा. मेडलमध्ये बॉल होलमध्ये गेलाच पाहिजे. नियम माहीत असून चौघांनी ठरवून सोडला तर चौघंही बाद.

अनगोळ नाका
तलाठीसाहेब, अर्धाच उतारा दाखवताय. "प्रोव्हिजनल" हाच शब्द पाहिजे असं नियमात नाही. तशाच अर्थानं मारतोय हे स्पष्ट कळलं की झालं. "नाही सापडला तर असावा म्हणून एक मारतो" हे चालतं. तुमचा गडी "मारून ठेवतो" म्हणाला असता तर मी मान्य केलं असतं. ठेवणं म्हणजे पुढची सोय. आई भाकरी करून ठेवते ती कुणी उशिरा आलं तर म्हणूनच की!

कर्वेरोडी
पण तो "सोडतो" म्हणाला. म्हणजे पहिल्या बॉलवर पाणी सोडलं. मराठीत याचा दुसरा अर्थ होत नाही.

खानापूर रोड
ओ पुणेकर, कुठली मराठी? आमच्यात जेवून सोडलो म्हणतात, आंघोळ करून सोडलो म्हणतात. म्हणजे जेवण टाकून दिलो काय? पुण्यात चार वर्षं भाड्यानं राहिलो तवा रोज कुणीतरी माझी मराठी तपासायचं. दुकानात "पिशवी देऊन सोडा" म्हटलो तर बाई हसत सुटली. आता गोल्फमधे पण तुमचीच परीक्षा द्यायची?

कर्वेरोडी
हसलो नाही. अर्थ विचारला.

खानापूर रोड
विचारलास कुठं? सांगून सोडलास.

हुक्केरीचा पाहुणा
माझ्या मोडक्यातोडक्या मराठीत सांगतो. आमच्या कन्नडात हेच "होडद बिडतीनि". बिडु म्हणजे सोडणं. पण बोलताना त्याचा अर्थ "करून मोकळा होतो" एवढाच. तुमच्याकडं ते आमच्याकडूनच आलंय. म्हणजे तो पहिला बॉल सोडतो म्हणाला नाही. पण राखीव ठेवतो असंही म्हणाला नाही. फक्त मारतो म्हणाला. दोन्ही पार्ट्या हरल्या.

टिळकवाडी तिसरा फाटक
मग लोकल रूल्सची नोटीस कन्नड-इंग्रजीत, मराठीत एक ओळ नाही, ते कसं चालतं? आधी पाट्या, आता…

शहापूरचा कुंदा
झालं. प्रत्येक धागा १९५६ च्या सीमावादाला नेऊन बांधायचा काय? इथं बॉल निलगिरीत गेलाय, महाराष्ट्रात नव्हे.

म्हातारा कॅम्पातला
तुमचं ऐकून बिबट्या आठवला. २०२२ चा ऑगस्ट, गोल्फच्या झाडीत बिबट्या, आसपासच्या शाळा बंद, शिमोग्याजवळच्या सक्रेबैलच्या हत्तीतळावरून हत्ती आणलेले. नंतर खेळायला गेलो तर माझा बॉल त्याच झाडीत. मी म्हटलं नियम १६.२, धोकादायक प्राणी, दंडाशिवाय बॉल दुसरीकडं टाकायचा. माझा मार्कर, म्हणजे माझं कार्ड लिहिणारा, म्हणाला, प्राणी बॉलजवळ पाहिजे, तुमच्या डोक्यात असून चालत नाही. आत गेलो नाही. टीवर परत जाऊन तिसरा मारला. आठवडाभर त्याच्याशी बोललो नाही. मेला बरोबर तोच होता.

निलगिरीकाठी
आजोबा, हेच म्हणतोय. १९६८ च्या अमेरिकेतल्या मास्टर्स स्पर्धेत रॉबर्टो दि व्हिसेन्झो या खेळाडूच्या मार्करनं सतराव्याला तीनऐवजी चार लिहिले, त्यानं न बघता सही केली आणि बरोबरी सोडवायचा प्लेऑफ हुकला. टीव्हीवर लोकांनी तीन बघितले होते. तरी सहीतला आकडाच धरला.

शहापूरचा कुंदा
तिथं बक्षीस हिरवा कोट होता. इथं स्टीलचा डबा.

अनगोळ नाका
आणि तलाठीसाहेब, नियम २०.१सी विसरलात. मेडलमध्ये शंका आली तर दोन्ही बॉल खेळायचे, कुठला धरायचा ते आधी सांगायचं, कार्ड देण्यापूर्वी कमिटीला कळवायचं. झाडीत कुणी एवढं बोललं असतं तर गडी वाचला असता. नियम सांगणं म्हणजे सल्ला देणं होत नाही, दंडही बसत नाही.

निलगिरीकाठी
…हो. ते सुचायला पाहिजे होतं. माझा बॉल टाकून पलीकडं गेलो असतो तर जमलं असतं. बास? पण ग्रीनवर सांगितल्यावर मागं जायला त्याचे पाय मोडले होते काय?

चौथ्या होलचा गुन्हेगार
तो गडी मी. ती पोस्ट मी टाकलो नाही, मेहुण्यानं टाकली. "सोडतो" म्हणताना मनात काय होतं ते मलाच ठाऊक नाही, सवयीनं निघालं. पुढच्या वेळी टीवरून "प्रोव्हिजनल" म्हणून कॅम्पापर्यंत ऐकू जाईल असं ओरडतो.

एकच विचारायचंय. फेअरवेवरचा दुसरा बॉल तू उचललास काय? नवा होता.

निलगिरीकाठी
तुझा इन प्लेमधला बॉल मी कसा उचलणार?