युजर-ग्रुपच्या कमांडी नवीन पोरांसाठी सोप्या कशा करायच्या?

वेर्णा_नाईटशिफ्ट:
नमस्कार मंडळी, वेर्ण्याला एका फॅक्टरीत आयटी बघतो, 40 लिनक्स मशीन आणि सोबत दोन नवीन पोरं. चवथीला घरी गणपतीवर माटोळी (फळाफुलांचं छत) बांधत होतो तेवढ्यात फोन, प्रॉडक्शन सर्वरवर सुडो, म्हणजे अ‍ॅडमिनच्या हक्काने कमांड चालवणारी कमांड, चालत नाही म्हणून. एका युजरला डॉकरच्या ग्रुपात घालायचं होतं, पोराने युजरमॉडला (युजरची माहिती बदलणारी कमांड) कॅपिटल जी दिला, सोबतचा स्मॉल ए, म्हणजे आहे त्यात भर घाल, तो राहिला, झालं, तो युजर बाकी सगळ्या ग्रुपांतून बाहेर, सुडोचा हक्क देणाऱ्या व्हील ग्रुपमधून पण. आणि कमांडने एक अक्षर छापलं नाही! पोराला मी दोष देत नाही, एका अक्षरावर एवढं अडलं तर कोणाकडूनही होणार. आता या कमांडींच्या वरून स्वतःची स्क्रिप्ट लिहितोय. दर वेळी वाय की एन विचारू का?

म्हापसा_रूट:
वाय-एन नको रे, आठवड्यात बोट आपोआप वाय वर जातं, वाचत कोणी नाही. आयडी कमांडने आत्ताचे ग्रुप काढ, बदलानंतरचे काय होतील ते खाली दाखव, "व्हील निघणार" असं दिसलं की माणूस थांबतोच. काही निघत असेल तेव्हाच विचार, आणि तेव्हा युजरचं पूर्ण नाव टाइप करायला लाव. विसुडो बघ, सुडो कोणाला ते लिहिलेली सुडोअर्स फाइल सेव्ह करायच्या आधी सिंटॅक्स तपासतं, चुकलं तर पुढे काय म्हणून विचारतं, ई दाबलं की परत एडिट, एक्स दाबलं की बदल सोडून बाहेर. अडवतं पण वाट पण दाखवतं.

मडगावकर_शेल:
माझा राग नावांवर आहे. पासडब्ल्यूडी या पासवर्डच्या कमांडला मायनस एल म्हणजे लॉक, वाटतं अकाउंट बंद झालं. बंद होतो फक्त पासवर्ड, एसएसएच की (पासवर्डशिवाय लांबून लॉगिन करायची किल्ली-फाइल) असली तर माणूस आरामात आत येतो. मॅन पेजवर, म्हणजे कमांडच्या माहितीपानावर, लिहिलंय की अकाउंट बंद करायचं तर युजरमॉडने एक्सपायरी 1 द्या, म्हणजे 2 जानेवारी 1970 ला संपलेलं धरतात, पण घाईत कोण उघडतो मॅन पेज. माझ्या आधीच्या ऑफिसात नोकरी सोडून गेलेल्याची की किती तरी दिवस चालू होती, आजपण आठवलं की पोटात गोळा येतो. म्हणून सबकमांडला कामाचं नाव दे, "माणूस गेला" असं काहीतरी, आणि शेवटी काय केलं यापेक्षा काय राहिलं ते छाप, उघडी सेशन, क्रॉन (वेळ लावून ठेवलेली कामं), किज.

फोंडा_आयपीए:
40 मशीनवर लोकल युजर ठेवूच नको, फ्रीआयपीए घाल, सगळे युजर एकाच जागेवरून सांभाळता येतात. त्यातल्या युजर-डेल या युजर काढायच्या कमांडला प्रिझर्व्ह दिलं की युजर पुसला जात नाही, परत आणता येतो. त्यातलीच एचबीएसीटेस्ट कमांड तर सोनं आहे, हा माणूस त्या मशीनवर जाऊ शकेल का ते लॉगिन न करता सांगतं. आणि स्क्रिप्टमध्ये पासवर्ड कमांडलाईनवर घेऊ नको, पीएसमध्ये, म्हणजे चालू प्रोसेसच्या यादीत, सगळ्यांना दिसतो, हिस्टरीत पण राहतो.

वेर्णा_नाईटशिफ्ट:
आधी-नंतर वालं काल रात्री घातलं, पोराने स्वतः चालवून बघितलं. फ्रीआयपीए मार्चनंतर, मॅनेजमेंटला समजवायला लागेल. एक अडचण, मेसेज मराठीत लिहिले, लॅपटॉपवरून बरे दिसतात पण सर्वर रूमच्या मॉनिटरवर नुसत्या चौकटी.

म्हापसा_रूट:
त्या मॉनिटरवरच्या नुसत्या टेक्स्ट कन्सोलच्या फॉन्टात देवनागरी नसते. रोमन लिपीत मराठी लिही, पोरं व्हॉट्सअ‍ॅपवर तसंच वाचतात ना.