समुद्रावरून वाट काढताना आधी रूळ की आधी रस्ता?

ओडेन्सेवाला: मी डेन्मार्कमध्ये असतो, कामासाठी आठवड्यातून दोनदा रेल्वेने ओडेन्से-कोपनहेगन करतो. न्यूबोर्ग सुटलं की गाडी साडेसहा किलोमीटरच्या पुलावर येते, शेजारी मोटारी. मध्ये स्प्रोगो हे चिमुकलं बेट लागतं. तिथून मोटारींचा रस्ता झुलत्या पुलाकडे वर चढतो आणि आपली गाडी थेट समुद्राखाली शिरते. खिडकीत स्वतःचाच चेहरा दिसायला लागतो, आठेक किलोमीटर. बाहेर पडलो की शेलंड, कोपनहेगनचं बेट.

१९९७ पर्यंत इथे गाडीचे डबे बोटीत चढवायचे, पाणी ओलांडायलाच तासभर. १९८६ च्या राजकीय करारात ठरलं होतं की रेल्वे रस्त्याच्या तीन वर्षं आधी सुरू करायची, म्हणजे लोकांना रेल्वेची सवय लागेल. १९९१ मध्ये बोगद्यात पाणी घुसलं, वेळापत्रक कोलमडलं. शेवटी रेल्वे जून १९९७, रस्ता जून १९९८. तिनाचं एक वर्ष झालं, पण हेतू तर बघा. आणि आपला अटल सेतू? २१.८ किलोमीटर, रूळ शून्य. माझ्या मते चुकलंच.

हार्बरग्रस्त: तुलनाच गैर आहे. ती डेन्मार्कची मुख्य लाइन. पश्चिमेचं युलंड द्वीपकल्प आणि ओडेन्सेचं फ्यून बेट १९३५ पासूनच पुलाने जोडलेले, शेलंडकडेही रूळ तयार. मधलं पाणी तेवढं राहिलं होतं. आपल्याकडे वाशीच्या पुलावरून लोकल १९९२ पासून धावतेय. उरणची लोकल तर अटल सेतूच्याच दिवशी पूर्ण झाली, १२ जानेवारी २०२४. सेतूच्या मुंबईकडच्या टोकाला, शिवडीला, आणखी गाड्या आणून कुठल्या रुळांवर घुसवणार? सकाळी आठला वडाळ्याला उभे राहून दाखवा, मग बोलू.

ओडेन्सेवाला: उरणहून मुंबईला यायचं तर आधी नेरूळ किंवा बेलापूर गाठा, मग गाडी बदलून वाशीचा वळसा. अटल सेतूवरून सरळ जाणाऱ्या मोटारवाल्याला २५० रुपये टोल परवडतो. ज्याला परवडत नाही तो वळशाने.

हार्बरग्रस्त: बस नावाची वस्तू असते. रस्ता आहे म्हणून ती धावू तरी शकते.

युलंडची सून: तुमचं शिवडी-उरण बाजूला ठेवा, मी इथलं बोलते. सगळा देश एका धाग्यावर टांगलाय. २ जानेवारी २०१९, वादळी सकाळ. न्यूबोर्ग-स्प्रोगोच्या त्याच पुलावर मालगाडीवरचा ट्रकचा ट्रेलर वाऱ्याने सुटला आणि समोरून येणारी प्रवासी गाडी त्यावर आदळली. आठ जण गेले. अजूनही वारा जोरात असला की सासूबाई फोन करतात, "निघाली नाहीस ना?" रुळांची दुसरी वाट नाहीच.

ओडेन्सेवाला: दोष पुलाचा नव्हता ताई, ट्रेलर वाघिणीवर नीट अडकलेला नव्हता. आणि बोटी तरी वादळात कुठे सुटायच्या? पूर्वी कडक थंडीत समुद्र गोठला की लोक बर्फावरून होडी ओढत न्यायचे आणि अडकले की स्प्रोगोवर मुक्काम.

युलंडची सून: दोष कुणाचाही असो, खोळंबा सगळ्यांचाच.

टोलभैरव: एक विसरताय. रेल्वेही आपला वाटा भरते, पण या पूल-बोगद्यासाठी काढलेलं कर्ज मुख्यतः मोटारींच्या टोलवर फिटतंय. मोटारी नसत्या तर तुमच्या आवडत्या बोगद्याचे पैसे कुणी दिले असते?

ओडेन्सेवाला: हे मान्य. मग अटल सेतूच्या टोलमधून रूळ का नकोत?

हार्बरग्रस्त: आलात परत शिवडीला!