दुबईत व्हॉट्सअ‍ॅप कॉलची रिंग जाते, पण आवाज येत नाही

सागरगोटा:
आई-बाबा सांगलीत, मी दुबईत. इथल्या प्रीपेड सिमवर मेसेज, फोटो, व्हॉइस नोट सगळं जातं. कॉल लावला की तिकडे रिंग वाजते, पण उचलल्यावर कनेक्टच होत नाही. त्यांनी लावला तरी तेच, घरच्या वायफायवरही तेच. भारतातलं सिम रोमिंगवर टाकलं की मात्र कॉल लागतो. कायद्यात बसणारा आणि आई-बाबांना जमेल असा मार्ग सुचवा.

तारायंत्र:
फोन ठीक आहे, सेटिंग बदलत बसू नका. रिंगचा निरोप मेसेजच्याच वाटेने जातो, म्हणून ती वाजते. आवाज वेगळ्या यूडीपी (आवाज-व्हिडिओ झटपट पाठवण्याची पद्धत) जोडणीने जातो आणि नेटवर्क नेमकी तीच अडवतं. एक टोक यूएईत असलं की पुरे, म्हणून सांगलीहूनही लागत नाही. आवाज व्हॉट्सअ‍ॅपच्या सर्व्हरमार्गे वळवण्याचा पर्यायही कामाचा नाही, कारण सर्व्हरपर्यंतची जोडणीही अडवलेलीच असते. रोमिंगमध्ये डेटा आधी भारतातल्या ऑपरेटरकडे जातो आणि तिथून इंटरनेटवर, त्यामुळे अटकाव लागत नाही. पण रोजच्यासाठी हे महागात पडतं.

बिनतारी:
यूएईत इंटरनेट कॉलसाठी टीडीआरए या नियामकाची मान्यता लागते. बोटिम, गोचॅट, झूम, टीम्स, गूगल मीट मान्य यादीत आहेत. बोटिम दोन्हीकडे टाकावं लागतं. ऑपरेटरचा इंटरनेट कॉलिंग प्लॅन घेतला म्हणून व्हॉट्सअ‍ॅप कॉल सुरू होत नाहीत, तो फक्त यादीतल्या अ‍ॅपसाठी असतो. पैसे भरण्याआधी हे नक्की पाहा.

आई-बाबांसाठी मी मीटच सुचवेन. गूगल कॅलेंडरमध्ये रोज होणारी मीटिंग बनवा, त्यात त्यांचा जीमेल पत्ता घाला. तो घातला नाही तर दर वेळी तुम्हाला त्यांना आत घ्यावं लागेल. लिंक व्हॉट्सअ‍ॅप चॅटमध्ये पिन करून ठेवा. दोघांनी एकाच फोनवर बसावं: मोफत खात्यात दोन जणांच्या कॉलला 24 तास मिळतात, तिसरा फोन जोडला की मर्यादा 60 मिनिटं. झूम मोफत खात्यात 40 मिनिटांनी तोडतं.

सागरगोटा:
व्हीपीएन (आपलं इंटरनेट दुसऱ्या ठिकाणाहून चालतंय असं दाखवणारी सोय) लावून व्हॉट्सअ‍ॅप चालवलं तर?

तारायंत्र:
नको, खरंच नको. 2021 च्या सायबर कायद्यात (क्र. 34, कलम 10) गुन्हा करण्यासाठी किंवा लपवण्यासाठी आयपी पत्ता (इंटरनेटवरचा आपला पत्ता, व्हीपीएन तोच बदलतो) बदलल्यास तुरुंगवास, 5 लाख ते 20 लाख दिरहम दंड किंवा दोन्हींची तरतूद आहे. ऑफिसचा व्हीपीएन ऑफिसच्या कामापुरताच ठेवा.

बिनतारी:
मीटवर आवाज तुटला तर आधी दोन्हीकडचे कॅमेरे बंद करा. सांगलीकडचं नेट कमकुवत असेल तर एवढ्याने बहुतेक वेळा भागतं.