चारातलं एक मत मागायचंय: लहान पक्षासाठी दारात काय बोलावं?

रिकामी_खुर्ची:
१५ जानेवारीला आमच्या महापालिकेचं मतदान आहे. प्रभाग चार सदस्यांचा, मतदार साधारण २४ हजार. आमचा पक्ष नोंदणीकृत आहे पण मान्यताप्राप्त नाही, म्हणजे राखीव चिन्ह नाही, ते ३ जानेवारीलाच कळणार. अ, ब, क, ड अशा चार जागांपैकी फक्त 'ब' जागेवर उमेदवार देतोय. फिरणारे कार्यकर्ते बावीस. दारात दोन वाक्यं हमखास ऐकू येतात: "माणूस चांगलाय, पण मत वाया जाईल" आणि "तुम्ही मतं फोडायला उभे आहात." यावर काय बोलावं? आणि एवढ्या दिवसांत काय होण्यासारखं आहे? भाषणबाजी नको, कामाचं सांगा.

यादीभाग_सात:
तुमच्या हातात जे आहे ते विधानसभेला कुणाच्याच हातात नसतं. विधानसभेला मतदाराकडे एकच मत असतं, ते तुम्हाला द्यायचं तर त्याला नेहमीचा पक्ष सोडावा लागतो. इथे त्याच्याकडे चार मतं आहेत. तेव्हा पक्ष सोडा असं म्हणूच नका. "अ, क, ड तुमच्या मनाप्रमाणे द्या. 'ब'चं एक मत आम्हाला द्या." एवढं बोलून थांबा. पंधरा वर्षं एकाच चिन्हाला मत देणारा माणूससुद्धा हे ऐकून घेतो, कारण त्याला घरात कुणाला तोंड द्यावं लागत नाही.

"वाया" या शब्दाला तत्त्वज्ञानाने उत्तर देऊ नका, आकडा द्या. समजा निम्म्याहून थोडं जास्त, १२,५०० मतदान झालं आणि 'ब'वर पाच उमेदवार असले, तर साडेचार हजारांच्या आसपास जागा निघते. म्हणजे मत देणाऱ्या दर तिघांत एक, थोडं वर. हा हिशेब तुमच्या प्रभागाच्या मागच्या निकालावरून करा आणि कागदावर लिहून दाखवा. प्रभागरचना बदलली असेल तर जुने बूथ नव्या हद्दीत टाकून बेरीज करा, जुन्या प्रभागाचा आकडा तसाच उचलू नका. समोर बसलेला एखादा जुना कार्यकर्ता चूक पकडतो आणि मग बाकीच्या बोलण्यावरचाही विश्वास जातो.

उदाहरण लागलंच तर गोव्यातलं सांत आंद्रे. २०२२ च्या विधानसभेत रिव्होल्युशनरी गोवन्स या नव्या पक्षाचा उमेदवार तिथे ७६ मतांनी निवडून आला. मात्र गोव्याचा मतदारसंघ लहान, साधारण तुमच्या प्रभागाएवढाच, हेही सांगा. तेच तर तुमचं म्हणणं आहे.

ओटा_ते_ओटा:
दिवसांचा हिशेब करू. २४ हजार मतदार म्हणजे सात हजारांच्या जवळपास घरं. बावीस जणांच्या अकरा जोड्या. संध्याकाळी साडेसहा ते नऊ, नीट बोलायचं तर एका जोडीची पंचवीस घरं होतात. रोजची २७५. चिन्ह मिळाल्यापासून जाहीर प्रचार थांबेपर्यंत, ३ ते १२ जानेवारी, दहा संध्याकाळी धरल्या तर २,७५० घरं. निम्मीही नाहीत.

म्हणून चिन्हाची वाट बघत बसू नका. पहिली फेरी आजपासून, फक्त नाव, 'ब' जागा आणि एक प्रश्न. एकच. गल्लीतल्या पाण्याची वेळ, ड्रेनेज, बंद पडलेला दवाखाना, जे त्या यादीभागात, म्हणजे मतदारयादीच्या त्या तुकड्यात, खरंच दुखतंय ते. शहराचा विकास आराखडा दारात उघडू नका.

यादी फोडून प्रत्येक जोडीला दोन यादीभाग कायमचे द्या. रोज नवी जोडी गेली की लोक तेच तेच परत सांगायला कंटाळतात. घर झालं की जिना उतरतानाच वहीत खूण करा: होय, काठावर, नाही. रात्री आठवून लिहिलेल्या खुणा निम्म्या चुकतात, आणि चुकतात त्या नेहमी आपल्या बाजूने. "बघू की" म्हणणारा काठावर नाही, तो नाही. "तुमचं ठीक आहे पण आमचे दादा उभे आहेत 'ड'ला" म्हणणारा मात्र पक्का काठावरचा. त्याचं 'ड' त्याच्याकडेच राहू द्या. दुसरी फेरी फक्त होय आणि काठावरची, चिन्ह घेऊन. ती २,७५० मध्ये बसते. "नाही"वाल्यांच्या दारात पुन्हा गेलात तर समोरच्यांना जागं कराल.

पॅनेलवाला:
सगळं छान, पण चार जागांच्या प्रभागात एकटा उमेदवार चालत नाही. मोठ्या पक्षांचे चौघं एकमेकांची स्लिप वाटतात, चार घरांतून मतं ओढतात. तुमचा एकटा किती ओढणार? बाकी तीन जागांवर अपक्ष धरून पॅनेल करा.

यादीभाग_सात:
त्याने पायाखालचं काढून घ्याल. पॅनेल केलं की "तीन तुमच्या मनाप्रमाणे" हे वाक्य मेलं. वर त्या तीन अपक्षांची जुनी भांडणं तुमच्या गळ्यात. पण एक आहे: 'ब'च का, याचं उत्तर पाहिजे. मोठ्या पक्षाने बाहेरचा आणून बसवलाय किंवा तिकीट कापल्याने धुसफूस आहे, अशी जागा निवडायची असते. नुसतं आरक्षण जुळतं म्हणून जागा धरली असेल तर आताच विचार करा, अर्ज ३० डिसेंबरपर्यंत आहेत.

"मतं फोडायला" याचं उत्तर: कोणाची फोडतोय ते त्यालाच विचारा. बहुतेकांना 'ब'वर कोण उभं आहे हेच माहीत नसतं, त्यांच्या डोक्यात पक्षाचं नाव असतं. मग म्हणा, "चारही एकाच पक्षाचे आले तर त्यांची तक्रार कोणाकडे करायची?" सोसायट्यांत हे लगेच लागू पडतं, वस्तीत कमी. तिथे कामाला कोण धावतो तेच बघतात, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही.

फिकट_गुलाबी:
सगळे बोलण्यावरच अडलेत. मत मिळूनही बटण चुकतं, त्याचं काय?

मशीनवरच्या मतपत्रिकेचा रंग जागेप्रमाणे वेगळा: अ पांढरी, ब फिकट गुलाबी, क फिकट पिवळी, ड फिकट निळी. मतदाराच्या डोक्यात अक्षर राहत नाही, रंग राहतो. "गुलाबी कागदावर आमचं चिन्ह" असं शिकवा. मतपत्रिकेवरचा क्रमांक उमेदवारांच्या अंतिम यादीनंतरच सांगा. मान्यताप्राप्त पक्षांची नावं आधी येतात, तुमचं त्यांच्या खाली. वरून दुसरं, तिसरं असं अंदाजाने सांगितलंत तर मत शेजारच्याला.

चारही जागांवर बटण दाबल्याशिवाय मतदान पुरं होत नाही. शेवटचं दाबलं की मग मोठा आवाज. "फक्त आमचंच दाबा" असं कुणी कार्यकर्ता बोलला तर म्हातारी माणसं गुलाबीवर दाबून बाहेर निघतात, मतदान अधिकारी परत बोलावतो, मागे रांग ओरडते, आणि तीच गोष्ट बाहेर येऊन सांगतात. ज्यांना बाकी कुणीच नको त्यांना प्रत्येक जागेला नोटा आहे एवढं सांगा, पण आग्रह धरू नका. व्हीव्हीपॅट, म्हणजे मत कुणाला गेलं ते चिठ्ठीवर दाखवणारं यंत्र, या निवडणुकीत नसतं, तेव्हा चिठ्ठीत बघून खात्री करा असंही सांगू नका.

नमुना मतपत्रिका छापा, पण त्यावर फक्त आपली ओळ भरलेली, बाकी कोऱ्या. इतरांची नावं-चिन्हं नकोत. पत्रकावर मुद्रक, प्रकाशक आणि प्रतींची संख्या हवीच, ती विसरली की गठ्ठाच जप्त.

चिन्ह निवडताना काळ्या-पांढऱ्यात, अंगठ्याएवढं छापून बघा. मोबाईलवर छान दिसणारी दोन चिन्हं मशीनवर सारखी दिसतात. २०२४ च्या लोकसभेला साताऱ्यात तुतारीशी मिळत्याजुळत्या चिन्हाच्या अपक्षाला ३७ हजारांवर मतं पडली आणि तुतारी वाजवणारा माणूस हे चिन्ह असलेला उमेदवार ३२,७७१ मतांनी हरला. सगळी गोंधळाचीच होती असं कुणी सिद्ध करू शकत नाही, पण ती जोखीम तुम्ही का घ्या?

रिकामी_खुर्ची:
उपयोगाचं आहे सगळं. 'ब'च ठेवतोय, तिथला समोरचा खरंच बाहेरचा आहे. एकच राहिलं. शेवटच्या दोन रात्री पाकिटं फिरतात. आमची पोरं म्हणतात, "त्यांचे पैसे घ्या, मत आम्हाला द्या" असं सांगू या. चालेल?

ओटा_ते_ओटा:
नाही. २०१७ मध्ये गोव्यात केजरीवालांनी हेच म्हटलं होतं, निवडणूक आयोगाने त्यांना समज दिली. कायद्याचं राहू द्या, ते चालतही नाही. पाकीट घेतलेल्याला शब्द पाळावासा वाटतो, तुम्ही त्याला खोटं वागायला सांगता आणि तो अवघडतो. त्यापेक्षा १० तारखेच्या आत होयवाल्यांची दुसरी भेट उरका. पाकीट यायच्या आधी त्यांनी शेजारणीला गुलाबी कागदाबद्दल सांगितलेलं असलं पाहिजे.

आणि खर्चाची वही त्याच रात्री भरा. चहा, वडापाव, भाड्याच्या खुर्च्या, सगळ्यांचे दर निवडणूक कार्यालयाच्या दरपत्रकात असतात. फुकट मिळालेला चहाही त्याच दराने लिहावा लागतो. बावीस जणांचा दोन वेळचा चहा, वीस दिवस. करा गुणाकार.